लहान, पण पुरी मोटार

या पुस्तकाचा विषय एकच गाडी आहे: बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यानं १९२२ साली बाजारात आणलेली ऑस्टिन सेव्हन. आपल्याकडे ती 'बेबी ऑस्टिन' म्हणून ओळखली गेली आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत आजही तिला त्याच नावानं हाक मारतात. अशा मेळाव्यात ती उभी असली की भोवती लहान मुलं जमतात. मोठी माणसं 'केवढीशी आहे!' म्हणत दोन पावलं थांबतात आणि शेजारच्या लांबलचक बॉनेटवाल्या गाडीकडे वळतात. तिचं कौतुक होतं ते खेळणं म्हणून. हे मला फार खटकत आलं आहे. साडेसातशे सीसीसुद्धा न भरणारं इंजिन, जेमतेम ३६० किलो वजन आणि दहा अश्वशक्तीची ताकद एवढ्या भांडवलावर चार माणसांचं कुटुंब पावसापाण्यात कुठेही नेऊन आणणारी मोटार कशी उभी राहिली, याचा हिशेब मांडला की तिचा लहानपणा गोड वाटत नाही. त्यामागचा विचार दिसू लागतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्वस्त गाडी बनवणारे त्या काळात पुष्कळ होते. त्यांतल्या बहुतेकांनी जिथे जमेल तिथे काटछाट केली. ऑस्टिन सेव्हनच्या आखणीत मात्र काय सोडता येईल आणि काय सोडून अजिबात चालणार नाही, हे फार विचारानं ठरवलेलं आहे. पाण्याचा पंप सोडला, पेट्रोलचा पंप सोडला, क्रँकशाफ्टचं मधलं बेअरिंग सोडलं. चार सिलिंडर मात्र सोडले नाहीत, डिफरन्शियल सोडलं नाही आणि चारही चाकांना ब्रेक दिले. १९२२ साली कितीतरी महागड्या गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असत, हे लक्षात घेतलं म्हणजे या निवडीचं वजन कळतं.

गाडी इतकी लहान का झाली, याचं निम्मं उत्तर इंग्लंडच्या करपद्धतीत आहे. १९२१ च्या जानेवारीपासून तिथे मोटारींवर अश्वशक्तीप्रमाणे कर लागू झाला: एका अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड. ही अश्वशक्ती यंत्रावर मोजलेली नसे, ती कागदावर काढत. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचं सूत्र ठरलेलं होतं. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येनं गुणायचं आणि २.५ नं भागायचं. अमेरिकन आराखड्याची फोर्ड मॉडेल टी मँचेस्टरमध्ये जोडली जात होती. तिच्या सिलिंडरचा व्यास पावणेचार इंच. सूत्रात घातला की उत्तर येतं २२.५, म्हणजे वर्षाला २३ पौंड कर. स्वतः ऑस्टिन यांची मोठी गाडी, ऑस्टिन ट्वेंटी, याच सूत्रानं २२.४ अश्वशक्तीची ठरत होती. सेव्हनचा व्यास पुढे कायम झाला तो २.२ इंच. वर्ग ४.८४, गुणिले चार १९.३६, भागिले अडीच: पावणेआठच्या आत. कर आठ पौंड. फोर्डवाला जेवढा कर एका वर्षाला भरी, तेवढ्यात सेव्हनवाल्याची जवळजवळ तीन वर्षं निघत.

या सूत्रात एक मोठी खोट होती आणि तिनं इंग्लिश इंजिनांना पिढीभर वळण लावलं. पिस्टन वरखाली किती फिरतो, म्हणजे स्ट्रोक किती, हे सूत्र विचारतच नाही. पिस्टन मिनिटाला १००० फूट चालतो असं एक ठोकळ गृहीतक त्यामागे होतं. त्यामुळे व्यास लहान ठेवायचा आणि स्ट्रोक लांबवायचा, म्हणजे कर न वाढता ताकद वाढते, हे प्रत्येक कारखानदार शिकला. सेव्हनचा व्यास २.२ इंच आणि स्ट्रोक तीन इंच आहे, तो याच कारणानं. कागदावर पावणेआठ अश्वशक्तीचं हे इंजिन प्रत्यक्षात मिनिटाला २४०० फेऱ्यांवर दहाच्या वर अश्वशक्ती देई. त्या वेगाला पिस्टनची चाल मिनिटाला १२०० फूट भरते. सूत्राला चकवा देण्याची ही रीत फुकटची नव्हती. अरुंद सिलिंडरात मोठे व्हॉल्व्ह बसत नाहीत. इंजिनाला वरच्या फेऱ्यांवर श्वास पुरत नाही. उलट खालच्या फेऱ्यांवर ते शांतपणे ओढत राहतं. सेव्हनचा स्वभाव असा करखात्यानंही घडवलेला आहे.

उरलेलं निम्मं उत्तर हर्बर्ट ऑस्टिन यांच्या त्या वेळच्या परिस्थितीत आहे. १८६६ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी ऑस्ट्रेलियात गेला, तिथे मेंढ्यांची लोकर कापायच्या यंत्रांच्या धंद्यात शिरला, वूल्झली कंपनीसाठी इंग्लंडला परतला आणि तिथेच मोटारी बनवू लागला. १९०५ साली त्यांनी लाँगब्रिजला, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या इमारतीत, स्वतःचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कामानं तो प्रचंड वाढला. युद्ध संपल्यावर एवढ्या मोठ्या कारखान्याला काम पुरवायचं कसं, हा प्रश्न आला. ऑस्टिन यांनी सगळी मदार एका ट्वेंटीवर ठेवली आणि मंदी व कर या दोन्हींत ती गाडी अडकली. १९२१ मध्ये कंपनीवर रिसीव्हर बसला. अशा वेळी मालकानं अगदी छोटी गाडी काढायचं मनात आणलं, तेव्हा संचालक मंडळाला ते पटलं नाही. ऑस्टिन यांनी मग आराखड्याचं काम स्वतःच्या खर्चानं आणि कारखान्याबाहेर, लिकी ग्रेंज या आपल्या घरी सुरू केलं.

त्यासाठी त्यांनी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमधून स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा ड्राफ्ट्समन निवडला. घरातल्या बिलियर्ड्सच्या खोलीत १९२१ ची अखेर आणि १९२२ ची सुरुवात या दोघांनी गाडी कागदावर उतरवण्यात घालवली. ऑस्टिन यांच्या डोक्यात आधी दोन सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन होतं, रोव्हर एटसारखं. बनवायला सोपं, वजनाला हलकं. एजनं चार छोट्या सिलिंडरांचा आग्रह धरला. इतकं लहान चार सिलिंडरी इंजिन चालू शकतं याचा पुरावाही समोर होता: फ्रान्सच्या प्यूजोची क्वाड्रिलेट ६६७ सीसीच्या चार सिलिंडरांवर धावत होती. अखेर मुलाचं म्हणणं मालकानं मान्य केलं. या गाडीतल्या एजच्या वाट्याची वाच्यता कितीतरी वर्षं झाली नाही, आणि ऑस्टिन यांच्या मोठेपणाला धक्का न लावता ती इथे व्हावी असं मला मनापासून वाटतं. पैसे घातले ऑस्टिन यांनी, धोका पत्करला ऑस्टिन यांनी, मोटार म्हणजे काय याची समजही त्यांचीच. पण आपल्यापेक्षा छत्तीस-सदतीस वर्षांनी लहान मुलाचं ऐकून घेऊन इंजिनाची कल्पना बदलणं, हा मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला निर्णय वाटतो. पुढे कंपनीनं गाडी बनवायला घेतली आणि विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ऑस्टिन यांना दोन गिनी रॉयल्टी मिळू लागली.

चार सिलिंडरांचा एवढा काय तो मोठेपणा, असं आजच्या वाचकाला वाटेल. त्या वेळी स्वस्तात चाकांवर बसू पाहणाऱ्या इंग्रज माणसासमोर काय होतं ते पाहू. एक, साइडकार लावलेली मोटरसायकल. बायको आणि मूल शेजारच्या डब्यात, आपण उघड्यावर, पाऊस अंगावर. दुसरं म्हणजे सायकलकार नावाचा प्रकार: मोटरसायकलचं इंजिन, लाकडी सांगाडा आणि पट्ट्यानं किंवा साखळीनं फिरणारी मागची चाकं. फ्रान्सच्या बेदेलियात तर चालवणारा मागे आणि सोबती त्याच्या पुढे बसे. ही वाहनं पळायची, पण चालवणाऱ्याला निम्मा वेळ मेकॅनिक व्हावं लागे. ऑस्टिन यांना यांच्यातलं काहीच नको होतं. त्यांना मोठ्या मोटारीत असणारं सगळं हवं होतं: पाण्यानं थंड होणारं चार सिलिंडरी इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्टनं फिरणारा मागचा ॲक्सल, विजेचे दिवे, टप. हे सगळं त्यांना साइडकारवाल्याच्या आवाक्यात आणायचं होतं. १९२३ पर्यंत किंमत १६५ पौंडांवर आली आणि सायकलकारचा बाजार पाहता पाहता ओसरला.

आता इंजिन. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्याच्यावर आहे, म्हणून त्याची ओळख इथेच करून द्यावी. पहिल्या थोड्या गाड्यांत ते ६९६ सीसीचं होतं. लवकरच व्यास किंचित वाढवून ७४७ सीसी झालं आणि शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. खाली ॲल्युमिनियमचा क्रँककेस, त्यावर बिडाचा ब्लॉक, त्यावर सुटं होणारं बिडाचं हेड. व्हॉल्व्ह बाजूला. सगळं एकावर एक रचलेलं, प्रत्येक भाग वेगळा काढता येईल असा. नुसता ब्लॉक एका माणसाला सहज उचलता येतो.

क्रँककेस उघडून क्रँकशाफ्ट पाहिला की नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. चार सिलिंडरचा शाफ्ट म्हटला की दोन टोकांना आणि मध्ये असा तीन ठिकाणी आधार हवा, हा साधा नियम. इथे मधला आधारच नाही. बोटाहून थोडा जाड असा हा शाफ्ट पुढे-मागे फक्त दोन ठिकाणी टेकलेला आहे आणि मधे चारही पिस्टनांचे दणके झेलत फिरतो. फेऱ्या फार वाढल्या की तो चक्क लवतो. तरीही हा निर्णय बिनडोक नव्हता. मधलं बेअरिंग गेलं की शाफ्ट आखूड होतो. शाफ्ट आखूड झाला की ब्लॉक आखूड, क्रँककेस आखूड, बॉनेट आखूड, आणि तेवढी जागा माणसांना मिळते. दोन टोकांना जी बेअरिंगं आहेत ती रोलरची आणि बॉलची. साध्या धातूच्या बेअरिंगला दाबाखाली तेल लागतं, रोलरला नुसता ओलावा पुरतो. त्यामुळे तेलाची सगळी व्यवस्थाच साधी झाली. छोटा पंप तेल वर आणतो, क्रँककेसच्या भिंतीतल्या बारीक भोकांतून त्याच्या चिळकांड्या उडतात, आणि फिरत्या शाफ्टच्या बाजूला असलेल्या खोलगट कडा त्या झेलतात. तिथून फिरण्याच्या जोरानंच तेल शाफ्टच्या आतल्या वाटांनी कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत फेकलं जातं. चिळकांडी नेमकी पडली तर बेअरिंगला तेल. भोकात कचरा अडकला तर ते कोरडं. म्हणून क्रँककेसच्या बाजूला स्क्रू दिलेले आहेत. ते काढायचे आणि बारीक तार घालून भोकं मोकळी करायची. ही गाडी नीट बाळगणारा माणूस हे काम न चुकता करी, आणि आजही करतो.

पाण्याचंही तसंच. पंप नाही. इंजिनात तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून जड होतं आणि खालून परत येतं. पेट्रोलची टाकी बॉनेटखाली, चालवणाऱ्याच्या पायांच्या पुढे आणि कार्बोरेटरपेक्षा उंचावर. पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं. आगीच्या दृष्टीनं ही जागा मला कधीच पसंत पडलेली नाही आणि पुढे तिसाव्या दशकात कंपनीनं टाकी मागे हलवलीच. पण बिघडण्यासारखा एक पंप कमी, नळ्या कमी, खर्च कमी, हा हिशेब १९२२ च्या रस्त्यांवर खरा ठरला. वाटेत ही गाडी बंद पडली तर कारण शोधायला फार ठिकाणं नसतात.

सांगाड्याची गोष्ट इंजिनाइतकीच पाहण्यासारखी आहे. सर्वसाधारण मोटारीच्या सांगाड्याला दोन लांब समांतर कैच्या असतात आणि त्या पुढून पार मागच्या ॲक्सलच्या पलीकडे जातात. सेव्हनच्या पोलादी कैच्या पुढे एका टोकाला मिळतात आणि मागे फाकत जातात. वरून पाहिलं तर इंग्रजी ए अक्षर. पुढच्या टोकावर एकच आडवा कमानपाटा, त्याच्या दोन्ही टोकांना पुढचा ॲक्सल टांगलेला. मागे तर कैच्या ॲक्सलपर्यंत पोचतच नाहीत, अलीकडेच संपतात, आणि त्यांच्या टोकांतून पाव-लंबगोल पाटे मागे निघतात. ॲक्सल त्या पाट्यांच्या शेंड्यांना धरलेला असतो. म्हणजे गाडीच्या मागच्या भागाचा भार पाटेच सांगाड्याचं काम करून पेलतात. तेवढं पोलाद वाचलं, तेवढं वजन वाचलं. शिवाय बसणाऱ्यांच्या जागी सांगाडा रुंद आणि इंजिनाच्या जागी अरुंद, जिथे जसा हवा तसा.

चाकांमधलं अंतर लांबीला सव्वासहा फूट, रुंदीला तीन फूट चार इंच. एवढ्या जागेत चमी नावाच्या उघड्या टूररमध्ये पुढे दोन मोठी माणसं आणि मागे दोन मुलं बसत. पुढच्या दोघांचे खांदे लागत आणि मागच्या मुलांच्या मांडीवर सामान येई, पण बसत. डिफरन्शियल, शाफ्टभोवतीची नळी, आऱ्यांची चाकं, सगळं मोठ्या मोटारीतलं.

याच रचनेतून गाडीचे दोषही आले आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वळणावर गाडी कलली की एका बाजूचा मागचा पाटा दबतो, दुसरा सुटतो. पाटे एकाच टोकाला धरलेले असल्यामुळे मागचा ॲक्सल किंचित तिरपा होतो. म्हणजे पुढच्या चाकांबरोबर मागची चाकंही थोडी वळवतात. सवय नसलेल्याला गाडी अंगावर आल्यासारखी वाटते, तो घाबरून स्टेअरिंग उलट फिरवतो आणि गाडी सापासारखी जाऊ लागते. सवयीचा माणूस हलक्या हातानं धरतो आणि तिला तिची वाट घेऊ देतो. क्लच त्याहून कठीण. पेडलची चाल अर्ध्या इंचाहून कमी. एवढ्यात तो लागतो आणि सुटतो. नवशिक्याची गाडी एक तर जागेवर बंद पडते किंवा उडी मारून निघते. ब्रेक चारही चाकांना, पण १९३० पर्यंत पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या चाकांना. दोन्ही एकदम लावण्यासाठी दोन अवयव एकदम चालवावे लागत, आणि घाईच्या वेळी ते सुचत नसे. चारही चाकांना ब्रेक देण्याची दूरदृष्टी दाखवून शेवटचं पाऊल आठ वर्षं अडवून ठेवावं, याचं समाधानकारक कारण मला आजवर सापडलेलं नाही.

आता चालण्याबद्दल. सपाट रस्त्यावर चांगल्या स्थितीतली चमी ताशी ४५ मैलांच्या आसपास जाई, पण तिला सुखाची चाल ३५ ची. म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर. ही चाल ती दिवसभर टिकवू शके. पेट्रोल गॅलनला चाळीस मैलांहून जास्त देई, म्हणजे लिटरला चौदा किलोमीटरच्या वर. आजच्या मोटारीला कमी वाटणारे हे आकडे त्या वेळच्या रस्त्यांशी आणि इतर वाहनांशी ताडून पाहावेत. खरी परीक्षा चढावर. रिकाम्या गाडीच्या निम्म्याहून अधिक वजन तर आत बसलेल्या चौघांचंच होतं. तीन गिअर, आणि दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये मोठं अंतर. तिसऱ्यात गाडी दमली की दुसऱ्यात टाकावी लागे आणि दुसऱ्यात इंजिन ओरडू लागे. चौथा गिअर यायला १९३२ ची अखेर उजाडली. तरी पहिल्या गिअरमध्ये ती न चढलेला चढ क्वचितच असेल. वजन इतकं कमी आणि ओढ इतकी खालपासून, की वेग विसरून ती चढत राहते. मोठ्या गाड्यांची रेडिएटरं जिथे उकळत, तिथे ही हळूहळू पुढे निघून जाई.

दहा अश्वशक्तीच्या या गाडीचं शर्यतींतलं आयुष्य पाहिलं की मी अजूनही थक्क होतो. १९२३ सालीच ऑस्टिन यांचे जावई आर्थर वेट यांनी इटलीत मोंझा इथे सायकलकारांच्या ग्रँड प्रीमध्ये ७५० सीसी गट जिंकला. तेच वेट १९२८ मध्ये फिलिप आयलंडवर ऑस्ट्रेलियाची ग्रँड प्री सुपरचार्जर लावलेली सेव्हन घेऊन जिंकले. १९२९ ला बेलफास्टजवळच्या आर्ड्सच्या रस्त्यावर टूरिस्ट ट्रॉफी झाली. हँडिकॅपची शर्यत, म्हणजे लहान गाड्यांना आघाडी मिळे. सात लिटरच्या मर्सिडीजमध्ये रुडॉल्फ काराचिओला पहिला आला, दुसरी अल्फा रोमिओ, आणि तिसऱ्या-चौथ्या जागी ऑस्टिन सेव्हन. तिसरा आला आर्ची फ्रेझर-नॅश. या यशावरूनच कंपनीनं आपल्या शर्यतीच्या मॉडेलला अल्स्टर हे नाव दिलं. पुढच्या वर्षी ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या धावपट्टीवर पाचशे मैलांची शर्यत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च यांनी अल्स्टरमध्ये ताशी ८३.४१ मैलांच्या सरासरीनं जिंकली. हँडिकॅप असला तरी ७४७ सीसीचं इंजिन पाचशे मैल त्या गतीनं पळवणं ही गोष्ट हँडिकॅपनं साधत नाही. तोच दोन टोकांवर टेकलेला शाफ्ट, पण शर्यतीसाठी तेल दाबाखाली पोचवलेलं आणि वजन आणखी उतरवलेलं.

वजन उतरवण्यात एरिक गॉर्डन इंग्लंड यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. विमानोड्डाणाच्या पहिल्या दिवसांतला हा माणूस सेव्हनकडे आला तो हलक्या बांधणीची विद्या घेऊन. प्लायवुडच्या पेटीवर कापड ताणून त्यांनी बनवलेली बॉडी सांगाड्याला मोजक्या ठिकाणीच धरलेली असे. त्यामुळे सांगाडा पिळवटला तरी बॉडी तडकत नसे. ऑस्टिन यांच्या सांगाड्याचा लवचिकपणा हा दोष मानून त्याच्याशी झगडण्याऐवजी त्यांनी तो गृहीत धरला. मला हे उत्तर फार आवडतं आणि त्यावर एक छोटं प्रकरण स्वतंत्र दिलं आहे.

सेव्हनचे भाग स्वस्त, सुटे आणि साधे होते. जुनी गाडी चार पैशांत मिळे, घरामागच्या शेडमध्ये उघडता येई, आणि चुकलं तर पुन्हा जोडता येई. त्यामुळे पुढच्या काळातल्या कितीतरी मोटारवाल्यांची पहिली शाळा हीच गाडी झाली. ब्लॅकपूलला साइडकार बनवणारे विल्यम लायन्स यांनी १९२७ मध्ये सेव्हनवर स्वतःची देखणी बॉडी चढवली. त्याच धंद्यातून पुढे जॅग्वार आली. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये एका जुन्या सेव्हनमधून पहिली लोटस बनवली. न्यूझीलंडमध्ये कोवळ्या वयाच्या ब्रूस मॅकलॅरननं आपली पहिली स्पर्धा १९५२ साली अल्स्टरमधूनच लढवली. ॲलेक इसिगोनिस यांनीही सेव्हनचे भाग घेऊन लाइटवेट स्पेशल ही शर्यतीची गाडी मित्राबरोबर घडवली आणि नंतर मिनी आखली. १९५९ मध्ये मिनी बाजारात आली तेव्हा ऑस्टिनच्या विक्रेत्यांकडे तिचं नाव सुरुवातीला ऑस्टिन सेव्हनच होतं.

परवाने परदेशीही गेले. जर्मनीत आयझेनाखच्या डिक्सी कारखान्यानं १९२७ मध्ये ही गाडी बनवायला घेतली. पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यूनं तो कारखाना विकत घेतला आणि मोटारींच्या धंद्यात तिचा प्रवेश झाला. फ्रान्समध्ये रोझेंगार्ट, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन ऑस्टिन. या शाखांचा इतिहास मोठा आहे, पण या पुस्तकाला तो पेलणार नाही. इथे त्यांचा उल्लेख आराखड्यातल्या बदलापुरताच येतो.

मर्यादेबद्दल आणखी थोडं. सेव्हनचं उत्पादन १९३९ च्या सुरुवातीला थांबलं, तोवर सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या होत्या. मी १९३० च्या अखेरीशी थांबलो आहे. इंग्लंडचा व्हिंटेज स्पोर्ट्सकार क्लब 'व्हिंटेज' म्हणून गाडी स्वीकारतो ती १९३० च्या ३१ डिसेंबरपर्यंत बनलेली. पण माझं कारण तेवढंच नाही. या आठ वर्षांत गाडी सुधारत गेली: १९२३ च्या अखेरीला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारणं सुटलं, १९२८ मध्ये मॅग्नेटो जाऊन कॉइल आली, शेवटी चारही ब्रेक एका पेडलला जोडले गेले. यातला प्रत्येक बदल मूळ आराखड्याला धरून होता. त्यानंतर सांगाडा लांबला, बॉडी जड होत गेली आणि १९३४ च्या रुबीपर्यंत गाडी अंगानं बरीच भरली. १९३६ मध्ये क्रँकशाफ्टला मधलं बेअरिंगही मिळालं. रुबी सुखाची गाडी आहे, तिच्यावर प्रेम करणारे खूप आहेत, आणि तिनं स्वतंत्र पुस्तक मागावं. बिलियर्ड्सच्या खोलीत ठरलेला हिशेब मात्र मला त्याआधीच्या गाड्यांतच स्वच्छ दिसतो.

मापं फूट-इंचांतच ठेवली आहेत. कराचं सूत्र इंचांत, ड्रॉइंग इंचांत, पाने आणि नट-बोल्टही त्याच पद्धतीचे, तेव्हा मिलिमीटरमध्ये बदलून आकडे ओबडधोबड करण्यात फायदा नव्हता. जिथे वाचकाला अडेल तिथे शेजारी दशमान माप दिलं आहे. यंत्रांची सवय नसलेल्यांनी इंजिनाआधी सांगाड्याचं प्रकरण वाचावं. त्यातल्या आकृत्या पाहताना आधी मागचे पाटे शोधावेत. कैची कुठे संपते आणि पाटा कुठे सुरू होतो हे एकदा नजरेत बसलं की ब्रेक, स्टेअरिंग आणि वळणावरचं वागणं यांवरची पुढची तीन प्रकरणं सोपी जातील.